पहिल्या हाकेला

माझी नावं दोन. एक लग्नाआधीचं, एक लग्नानंतरचं. लग्नाआधीचं इथे लिहिणार नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आडनावाबद्दल मी बोलत नाहीये. ते बदलतं हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. माझं पहिलं नावच बदललं. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. मुलगी सासरी गेली की तिचं नाव माहेरी राहतं, कपाटातल्या जुन्या ड्रेसांबरोबर. पण महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधल्या लाँड्री रूममध्ये एक तमिळ शेजारीण टॉवेलांच्या घड्या घालता घालता मला म्हणाली होती, "म्हणजे आधी तू दुसरीच कोणीतरी होतीस?" मी म्हटलं, "हो, आणि बारीकही होते." ती हसली. तेव्हा मीही हसले.

माझ्या नवऱ्याला एक बहीण होती. ती नऊ वर्षांची असताना तापात गेली. तिचं आणि माझं नाव एकच. लग्न ठरवायला ती मंडळी नागपूरला आमच्या घरी आली, तेव्हा सासूबाई माझ्या बाबांना म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त नाव बदलावं लागेल. त्या नावाने माझ्या घरात आता हाक मारवणार नाही." सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या, शिस्तीच्या, कुणापुढे रडणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांचा आवाज जरासा फाटला. मी आत चहा गाळत होते. इंजिनियर झालेली, चारचौघांत वाद घालणारी मी, माझ्या नावाचा निकाल बाहेर लागत होता आणि मी गाळणी हातात धरून उभी होते. राग आला होता. पण दयाही आली. मी हो म्हटलं.

विहारात लग्न झालं, पंचशील म्हटलं, आणि लग्नाच्या दाखल्यावर सासूबाईंनी नवरीचं नाव म्हणून सरळ नवंच नाव लिहवून घेतलं. आता बदलायचंच आहे तर दोन-दोन कागद कशाला, असा हिशोब. पुढे अमेरिकेला यायचं म्हणून माझा पहिला पासपोर्ट निघाला, तोही नव्या नावाचा. डिग्री जुन्या नावाची. कागदावर त्या दोघींची कधी गाठच पडली नव्हती, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

नवऱ्याने जुनं नाव कधी तोंडातून काढलं नाही. गंमत म्हणजे नवंही नाही. तो मला "अगं" म्हणायचा. लग्नाला सहा-सात वर्षं होऊन गेली तरी मी "अगं"च होते.

आमच्या दोन्ही घरांत भूत-बीत असलं काही चालत नसे. बाबा तर कुणी मांजर आडवं गेलं म्हटलं की मुद्दाम तिकडूनच जायचे. आई विहारात जायची, वंदना म्हणायची, पण तिची एक जुनी सवय बाबांच्या टिंगलीला पुरून उरली होती. दिवेलागणीला बाहेरून कुणी हाक मारली तर ती आम्हाला दटावायची, "पहिल्या हाकेला ओ देऊ नको. खरं माणूस असेल तर दुसऱ्यांदा मारेल." बाबा म्हणायचे, "पोस्टमन काय दोनदा ओरडणार आहे होय?" आम्ही हसायचो. पण सवय लागायची ती लागलीच. आजही मला कुणी हाक मारली की माझा घसा क्षणभर गप्प राहतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत होता, मी आधी त्याच्या व्हिसावर घरी बसले आणि मग मलाही नोकरी लागली. मुलगी तिथेच जन्मली, चार वर्षांची झाली. माझा व्हिसा कागदोपत्री बदलला होता, पण पासपोर्टवर नव्या व्हिसाची छाप नव्हती. अमेरिकेतून बाहेर जायला कुणी अडवत नाही. परत आत यायला छाप लागते, आणि ती अमेरिकेच्या आत मिळत नाही, बाहेरच्या कुठल्या तरी दूतावासात जाऊन घ्यावी लागते. तोवर आम्ही ते टाळत आलो होतो. मग नागपूरला आईच्या छातीत दुखायला लागलं. फोनवर ती दुखण्याचं काही सांगायची नाही, एवढंच म्हणायची, "छोटीला एकदा बघू दे."

कंपनीच्या वकिलाने सांगितलं, भारतात गर्दी आहे, महिना लागेल, आधी जवळपास कुठेतरी जाऊन छाप मारून घ्या. मेक्सिकोच्या तारखा नव्हत्या. कॅरिबियनमधल्या एका बेटाच्या राजधानीत होत्या. ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा म्हणाला, "जाऊन ये यार, बीच बघ, नारळपाणी पी, स्टॅम्पिंग तर असं होऊन जाईल." वकिलाने मात्र निघताना एक वाक्य ऐकवलं. छाप नाकारली तर तिथून परत अमेरिकेत येता येणार नाही. सरळ भारतात जावं लागेल, आणि मग पुढचं पुढे.

म्हणजे मुलगी इकडे आणि मी तिकडे. किती दिवस, किती महिने, कुणीच सांगू शकत नव्हतं. तिने विमानतळावर विचारलं, "हाउ मेनी स्लीप्स, आई?" मी म्हटलं, "थोड्याच." ती म्हणाली, "दॅट्स नॉट अ नंबर."

त्या बेटाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाकडं केलं नाही, उगाच त्यांच्या गावाला बट्टा नको. राजधानीच्या मधोमध एक भलंमोठं हिरवं मैदान होतं. त्याच्या कडेने आणि मागच्या गल्ल्यांतून जुनी लाकडी नक्षीची घरं, आणि त्यांतल्या कितीतरी घरांवर परदेशी झेंडे. दूतावास म्हणजे कडेकोट काचेची इमारत असं मला वाटायचं. इथे तर परसात आंब्याची झाडं होती, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. खुर्च्यांवर कुणी नव्हतं. मी पोचले ती वेळ दुपारची. खिडक्यांच्या झडपा बंद. झेंडे वारा नसल्यामुळे काठीला चिकटलेले, कुठला कुठल्या देशाचा ते कळत नव्हतं. एका बंगल्याच्या हिरवळीवर पाण्याचा फवारा फिरत होता, त्याचा तेवढा आवाज. एका फाटकाआड पहारेकरी खुर्चीत बसला होता. मी पुढे गेले तशी त्याची मान माझ्याबरोबर वळली, पण डोळ्यांवर गॉगल होता. एवढे सगळे देश एका गल्लीत राहतात आणि एकाही घरातून भांड्याचा आवाज येत नाही.

मी बॅग ओढत चालत राहिले. गेस्टहाउस कुठे ते सापडेना. शेवटी एक छोटं पिवळं घर दिसलं. अंगणात बांबूंवर लाल, पिवळे, पांढरे त्रिकोणी झेंडे रोवलेले, ऊनपावसाने विटलेले, काहींच्या चिंध्या झालेल्या. हा आता कुठला देश, असं मी मनाशीच म्हणाले, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "कम, बेटी."

तेच गेस्टहाउस होतं. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. चेहरा थेट आपल्याकडचा. पण त्यांच्या पणजोबांना उसाच्या मळ्यावर जहाजाने आणलेलं, आणि भाषेतला "बेटी" एवढाच शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेला. बाकी सगळं त्यांचं हेलकावे खाणारं इंग्रजी. झेंडे म्हणे पूजेचे. पूजा झाली की रोवायचे, मग काढायचे नाहीत, आपोआप जातील तेव्हा जातील. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसराही फार कामाचा नसावा. त्यांनी मला बसवलं, आत गेल्या आणि लिंबाच्या सरबताचे दोन पेले घेऊन आल्या. एक मोठा, एक लहान.

मला वाटलं, लहान त्यांचा. पण त्यांनी तो माझ्या शेजारच्या खुर्चीसमोर ठेवला आणि विचारलं, "छोटीला बर्फ चालतो ना?"

"माझी मुलगी कॅलिफोर्नियात आहे," मी म्हटलं. "मी एकटीच आलेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "बरं," म्हणाल्या, आणि पेला उचलून नेला. म्हातारीला दिसत नाही, दुसरं काय. विमानाने अंग आंबलं होतं, मी जेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकन दूतावासात गेले. बाकड्यांच्या रांगा, वर पंखे, समोर काचेच्या खिडक्या. माझ्या फायलीत डिग्री सगळ्यांत वर लावलेली, म्हणून असेल, लाउडस्पीकरवरून माझं जुनं नाव आलं. किती वर्षांनी परक्याच्या तोंडून ते ऐकलं. उच्चार वेडावाकडा होता, पण नाव तेच. आणि मी उठले नाही. नुसती सवय म्हणून नाही. मी चक्क वाट बघत बसले, की त्या नावाची जी कोणी असेल ती उठेल. मान वळवून मागच्या बाकड्यांवर नजरही टाकली. मग दुसऱ्यांदा नाव आलं, तेव्हा भानावर येऊन मी खिडकीकडे धावले.

काचेआडचा अधिकारी तरुण होता, सभ्य होता. पासपोर्ट बघितला, डिग्री बघितली. "ही कोण?" त्याने डिग्रीवर बोट ठेवलं.

"मीच."

"आडनाव लग्नानंतर बदललं असेल. पण पहिलं नाव?"

मी समजावलं. त्याने लग्नाचा दाखला मागितला. दाखल्यावर नवंच नाव. म्हणजे नवीचं लग्न झालं आणि जुनी कुठे गेली त्याचा पत्ता नाही. कागद उलटेपालटे करत तो म्हणाला, "एक मिनिट, तुमच्या घरी फोन करून विचारतो." माझ्या जिवात जीव आला. सनीव्हेलला तेव्हा पहाट होती, नवरा घरीच असणार.

तो परत आला तेव्हा लगेच बसला नाही. खुर्चीमागे उभा राहूनच काचेतून माझ्याकडे बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "मी तुमच्या नवऱ्याला ते नाव सांगून विचारलं, ही तुमची कोण. त्यांनी सांगितलं, ती त्यांची बहीण. शी इज नो मोअर."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. नावं सारखी आहेत, ती लहानपणी गेली, म्हणूनच तर माझं नाव बदललं, हे सगळं एका दमात सांगितलं असणार, आणि जितकं सांगत गेले तितकं ते खोटं वाटायला लागलं. माझं मलाच. मेलेल्या नणंदेची डिग्री घेऊन आलेली बाई! मी त्याच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. त्याने कागद परत सरकवले. "मी नाही म्हणत नाहीये. तुमच्या सरकारकडून लिहून आणा, की या दोघी एकच आहेत. आणि ती जिवंत आहे."

बाहेर रस्त्यावर एका पेफोनवरून घरी फोन लावला. मुलीला डे-केअरला सोडायला तो निघून गेला असावा. आन्सरिंग मशीन लागलं. मशीनवर माझाच आवाज: आम्ही घरी नाही, निरोप ठेवा. नव्या नावाने, खुशीत बोलणारी मी. तिला काय निरोप ठेवावा ते मला सुचेना. "अरे, मी आहे," एवढं म्हटलं आणि गेस्टहाउसचा नंबर सांगितला.

मैदान ओलांडून भारताच्या उच्चायुक्तालयात गेले. जुनाच बंगला, आत शिरताच फिनेलचा आणि चहाचा वास. त्या वासानेच मला रडू फुटलं. वाटलं, आले बाई घरी. तिथले अधिकारी उत्तरेकडचे होते, चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचाही तोच प्रश्न. "सरनेम तो समझ में आता है मैडम. फर्स्ट नेम क्यों बदला?"

मी सांगितलं. मुलगी गेली, आईला ते नाव ऐकवेना, म्हणून. बाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले की कागद नसताना दोन बायकांना एक करून देणं त्यांच्या हातात नाही. पण नवऱ्याने त्यांच्यासमोर, फोनवर, स्पष्ट नाव घेऊन सांगितलं तर ते जबाबदारी घेऊन लिहून देतील. "लेकिन उन्होंने तो सुबह कहा है कि वो गुज़र गईं," ते म्हणाले, जणू माझ्या लक्षात नसेल. मग उद्या सकाळी या म्हणाले.

संध्याकाळी गेस्टहाउसवर नवऱ्याचा फोन आला. मी त्याला बोलूच दिलं नाही आधी. जे तोंडाला आलं ते बोलले.

"मी झोपेत होतो गं," तो म्हणाला. "त्याने एकदम ते नाव घेतलं. कुणीतरी बाहेरचा माणूस फोन करून ते नाव घेतो म्हणजे... माझ्या तोंडातून निघून गेलं."

"उद्या नीट सांग. नाव घेऊन सांग, की ती माझी बायको आहे आणि जिवंत आहे."

पलीकडे त्याने घसा खाकरला.

"ऐकतोयस ना?"

"दुसरं काही नाही चालणार? फॅक्स करतो ना मी. लिहून देतो, नोटराइझ करतो."

"तुला एक नाव घेता येत नाही?" मी ओरडले. "तुझी मुलगी आईशिवाय राहील इकडे, आणि तुला एक शब्द तोंडातून काढता येत नाही?"

पलीकडून मुलीचा आवाज आला, "इज दॅट आई?" मी फोन ठेवून दिला. तिच्याशी त्या रागात बोलायचं नव्हतं मला. पण ठेवल्यावर असं भडभडून आलं की तिथेच जमिनीवर बसले.

मालकीणबाई सरबत घेऊन आल्या. पुन्हा दोन पेले. या वेळी मी चिडलेच. म्हटलं, "मी सांगितलं ना काल, माझ्याबरोबर कुणी नाही."

"तुझी नाही म्हणतेस ना, बरं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण दोन वेण्यांची एक पोर तुझ्यामागून आली खरी. तहानलेली दिसली."

माझी मुलगी चार वर्षांची आणि तिचा बॉबकट. मी उठून खोलीत गेले आणि दिवा चालू ठेवून पडून राहिले. आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी बाबांच्या आवाजात स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

सकाळी उच्चायुक्तालयात त्या अधिकाऱ्यांनी टेबलावरचा फोन फिरवला आणि स्पीकर चालू केला. खरखर. मग नवऱ्याचा "हॅलो". त्याच्यामागे आमच्या किचनमधला नळ वाहत होता, तो आवाज मी ओळखला. अधिकाऱ्यांनी आपली ओळख सांगितली आणि विचारलं, "आपकी पत्नी का शादी से पहले का नाम बताइए."

नळ बंद झाला. नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता. अधिकारी माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाची कड धरून बसले होते. मनात म्हणत होते, घे रे. एकदाच घे. मला घरी यायचंय.

मग त्याने ते नाव घेतलं. प्रश्नाला उत्तर द्यावं तसं नाही. घरातल्या घरात, आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं, शेवटचं अक्षर लांबवून. सात वर्षांत एकदाही न मारलेली हाक. माझा घसा सवयीने क्षणभर गप्प राहिला.

तेवढ्यात फोनमधून आलं, "ओ!"

बारीक, स्वच्छ, खेळता खेळता दिलेली असावी तशी ओ. त्यानंतर मी दिली. "मी आहे रे, इथेच आहे," असं काहीतरी म्हणाले. आणि मग नवरा धडाधड बोलायला लागला, इंग्रजीत, हिंदीत. हो, ही माझी बायको, हे तिचं नाव, ती जिवंत आहे, माझ्या बहिणीचंही हेच नाव होतं, माझी चूक झाली. अधिकारी हसले. "बेटी है ना पीछे? बहुत प्यारी आवाज़ है." मी मान डोलावली. त्यांनी लेटरहेड ओढलं आणि टाइपरायटरवाल्याला बोलावलं.

त्या कागदाच्या जोरावर छाप मिळाली. अमेरिकन दूतावासातला तो तरुण म्हणाला, "सो यू आर बोथ." मी म्हटलं, हो. गेस्टहाउसातून निघताना मालकीणबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग शेजारी, कंबरेएवढ्या उंचीवर, हवेत तसाच हात फिरवला. टॅक्सीत मी खिडकीशी बसले. शेजारची जागा मोकळी ठेवायला बॅग मांडीवर घेतली, हे मला विमानतळावर उतरताना कळलं.

नवरा एकटाच घ्यायला आला होता. मुलगी शेजारणीकडे होती. हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "तू लगेच ओ दिलीस ते बरं झालं. नाहीतर मला पुढे बोलताच आलं नसतं."

"मी कुठे लगेच दिली? आधी छोटीने दिली ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग परत रस्त्याकडे. "छोटी झोपली होती गं."

"तू तिला त्या नावाबद्दल काही सांगितलं होतंस का?"

"ती झोपली होती," तो पुन्हा म्हणाला. "आणि ती कधी ओ म्हणते का? ती 'व्हॉट' म्हणते."

ते खरं होतं. आमची मुलगी आयुष्यात कधी ओ म्हणालेली नव्हती. मग आमचा एक्झिट चुकवून तो तसाच पुढे गेला आणि गाडी चालवता चालवता त्याने मला बहिणीचं सांगितलं, पहिल्यांदा. ताप उतरला असं सगळ्यांना वाटलं होतं. आई बाहेर अंगणात होती. पेज आणू का विचारायला तिने हाक मारली. आतून ओ आली, चांगली खणखणीत. आई पेज घेऊन आत गेली तोवर संपलं होतं. "मी दारातच खेळत होतो," तो म्हणाला. "तिची ओ मी ऐकली." एवढं बोलून त्याने बाहीला डोळे पुसले. त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. वेण्यांबद्दल त्याला विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही नागपूरला गेलो. आईने छोटीला मांडीवर घेतलं, छोटी तिच्याशी इंग्रजीत बोलली, आई तिच्याशी मराठीत, आणि दोघींचं कुठे अडलं नाही. आईला मी ही सगळी गोष्ट सांगितली. वाटलं होतं, घाबरेल. तिने शांतपणे विचारलं, "त्याने हाक एकदाच मारली होती ना?" मी हो म्हटलं. "मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि नातीच्या केसांना तेल लावायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. छाप होती म्हणून मी तिच्यापर्यंत पोचले आणि लेकीकडे परतही आले.

त्या बेटावरून परतल्यापासून नवरा मला "अगं" म्हणत नाही. माझ्या जुन्या नावाने हाक मारतो. सासूबाई सनीव्हेलला राहायला आल्या तेव्हाही त्याने मारली. त्या भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले, आणि त्या माझ्याकडे नाही, हॉलमधून आत जाणाऱ्या पॅसेजकडे बघत राहिल्या. मग पुन्हा निवडायला लागल्या. मना केलं नाही.

पहिल्या हाकेला मी अजूनही ओ देत नाही. पूर्वी आईच्या धाकाने देत नव्हते, आता तिच्यासाठी जागा सोडते. ते नाव इथे लिहिलं नाही तेही म्हणूनच, कुणी मोठ्याने वाचलं तर तीही हाकच. हे जागा सोडणं नवऱ्यालाही ठाऊक आहे. तो किचनमधून हाक मारतो आणि थांबतो. मी आतल्या खोलीत थांबते. घर अगदी गप्प असतं तेवढा वेळ. मग तो दुसऱ्यांदा मारतो आणि मी ओ देते. इतक्या वर्षांत मध्ये पुन्हा कुणी बोललं नाही. आधी याचं मला हायसं वाटायचं. आता वाईट वाटतं.